आ वासून सतरा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी डोकं आहे. धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. नुसतं डोकं, आणि त्यातही तोंड तेवढं महत्त्वाचं. दातांचे डॉक्टर व्हायला निघालेली मुलं खऱ्या माणसाच्या तोंडात हात घालण्याआधी माझ्या तोंडात घालायची. इंग्रजीत माझ्या जातीला फँटम म्हणतात. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात मात्र पहिल्याच तुकडीनं माझं नाव दामाजी ठेवलं, आणि तेच टिकलं.

माझा जन्म १९८२ सालचा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तिथं एरवी पाण्याचे पंप बनायचे. कॉलेजला परदेशी डोकी परवडेनात, म्हणून त्यांनी नमुन्याचा एक फोटो देऊन बारा डोकी करायला सांगितली. हे काम मारुती नावाच्या टर्नरकडे आलं. फोटो समोरून काढलेला होता. बाजूनं माणूस कसा दिसतो, हे त्यात नव्हतं. मारुतीनं मग आपल्या मेव्हण्याला आठवडाभर लेथ मशीनसमोर बसवून ठेवलं आणि त्याच्यावरून आमची नाकं काढली. म्हणून माझं नाक थोडं डावीकडे आहे. गाल स्कूटरच्या ट्यूबचे. आम्ही कारखान्यातून निघालो तेव्हा मेव्हणा आम्हा बाराजणांकडे बघून रडला, असं मारुती सांगायचा. एवढी भावंडं एकदम सोडून चालली की कोणालाही वाईट वाटेलच.

दात मात्र कारखान्याचे नव्हते. ते खरे होते, माणसांचे. आमच्या कॉलेजात रीतच होती तशी. पहिल्या वर्षाच्या मुलांनी गावभर दवाखाने फिरायचे, डॉक्टरांनी काढून टाकलेले दात बरणीत मागून आणायचे, धुऊन उकळून प्लॅस्टरमध्ये बसवायचे आणि तो जबडा माझ्या तोंडात अडकवायचा. त्यामुळे माझ्या तोंडात बत्तीस माणसांचे बत्तीस दात. टेंभी नाक्याच्या एका पहिलवानाची दाढ, तिच्या शेजारी कोर्टातल्या कारकुनाचा दात. पुढचे दोन तर सख्ख्या जावांचे निघाले. त्या एकमेकींना टेकून कधी बसल्याच नाहीत. कितीही प्लॅस्टर भरा, मधे फट पडायचीच. शपथेवर सांगतो.

काम असं की दिवसभर आ वासून राहायचं. सकाळी नऊला तोंड उघडायचं, ते पाचला. एका टोकाला मोटर, तिच्यावरून फिरणारा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला दात कोरायची सळई. ती घूं घूं करत आत यायची. कोणी दात कोरताना हिरडीचं प्लॅस्टर उडवायचं, कोणी माझ्या गालाला भोक पाडायचं. मी एकदाही ओरडलो नाही. सर बाहेर गेले की पोरं माझ्या तोंडात खडू ठेवायची, एकदा तर वडापाव ठेवलेला. तो शिपायाला तीन दिवसांनी सापडला. तोवर मुलं शिक्षकांच्या तोंडाला वास येतो असं म्हणत होती.

या सगळ्यात माझ्याशी माणसासारखं वागायच्या त्या शुभदा करंदीकर मॅडम. दात कोरून त्यात मसाला भरायचं काम त्या शिकवायच्या. डोंबिवलीहून यायच्या. आत आल्या की माझ्या कपाळावरची धूळ पुसायच्या, मग हजेरी घ्यायच्या. त्यांच्या कानाची ख्याती होती. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिताना त्या नुसत्या आवाजावरून ओरडायच्या, "तिसऱ्या रांगेतला कोण तो, थांब! नसेला हात लावशील!" आणि खरंच तिसऱ्या रांगेतल्याची सळई दाताच्या पोकळीच्या दारात असायची.

त्याचं कारण सोपं आहे. दाताचं वरचं पांढरं कवच फार कडक. त्यावर सळई फिरली की आवाज किणकिणा येतो. त्याखालचा पिवळसर थर मऊ. तिथं आवाज जाडसर होतो. आणि त्याखाली पोकळी, जिथं जिवंत दातात नस असते. तिथं सळई गेली, तर खरा माणूस खुर्चीतून उडी मारतो आणि परीक्षेतला विद्यार्थी नापास होतो.

१९९३ साली मॅडम जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. घर डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी वर्षभर खाली उतरायला बंदी केली. प्राचार्य म्हणाले, या विषयाचे वर्ग आता पुढच्या वर्षी बघू, परीक्षा मात्र ठरल्या दिवशीच होईल.

हे ऐकून एक मुलगी तिथल्या तिथं स्टुलावर बसली. तिचं नाव मालू. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आई बायजा ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. मालू याच परीक्षेत दोनदा नापास झाली होती. कॉलेजचा नियम होता, तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी. तिची तिसरी परीक्षा तीन महिन्यांवर होती. तिचा हात वाईट नव्हता. घाबरट होता. सळई धरली की तिला वाटायचं, आता चुकणार. आणि मग ती चुकायचीच.

"शिवरामदादा," ती आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाला म्हणाली, "मॅडम नाहीत तर मी घरी बसलेली बरी."

"घरी बसून काय करशील? मासे कोरशील?" शिवराम म्हणाला. हा शिवराम टेंभी नाक्याचा. नवरात्रात मंडपात कर्णे बांधायचं काम त्याचं. "मॅडमच्या घरी फोन आहे की नाही? आपल्या ऑफिसात आहे की नाही? मग मधे काय पायजे? तार पायजे. तार आपल्याकडे हाय."

त्यानं ऑफिसचा फोन तार लांबवून माझ्या शेजारी आणून ठेवला. मॅडमचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू यावा म्हणून रिसीव्हरला काहीतरी जोडजाड करून मंडपातला कर्णा लावला. पहिल्या दिवशी कर्णा खिडकीच्या बाजूला तोंड करून होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मॅडम डोंबिवलीहून म्हणाल्या, "तोंड पूर्ण उघडा. अजून. जीभ मागे घ्या." खालच्या रस्त्यावर रिक्षाच्या रांगेत उभी असलेली चाळीस माणसं तोंड उघडून उभी राहिली. दोघांनी तर जीभसुद्धा मागे घेतली. मी खिडकीतून स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कर्णा आत वळवला आणि शिकवणी सुरू झाली. मुलं माझ्या तोंडात सळई चालवायची आणि मॅडम तिकडे पलंगावर पडून फोनमधून तो आवाज ऐकायच्या. "हां, पांढऱ्यात आहेस. जा खाली. जा. आता थर बदलला, ऐकलंस? थांब." बारा मैलांवरून दात कोरून घेणं हे त्या काळी कोणी ऐकलंही नव्हतं. आणि चालत होतं ते. मालूचा हात हळूहळू स्थिर व्हायला लागला. कारण कानात मॅडम होत्या.

मित्रांनो, थकवा काय असतो ते मी त्या महिन्यांत शिकलो. वर्ग संपल्यावरही मालू सातपर्यंत सराव करायची. माझ्या तोंडातले न कोरलेले दात संपत आले. इतर मुलांचे काका, मामा डॉक्टर होते, त्यांच्याकडे बरण्या भरून दात यायचे. मालूकडे एकच मिळाला. बायजाची एक दाढ हलायला लागली म्हणून काढलेली, ती तिनं लुगड्याच्या गाठीत बांधून जपून ठेवली होती.

"ही घे गो," बायजा म्हणाली. "माजी दाढ हाय. तुज्यासंगती मी पन बसन परीक्षेला."

मालूनं ती दाढ मोठ्या मायेनं माझ्या तोंडात बसवली, खाली उजवीकडे, मागून दुसरी. परीक्षेला पंधरा दिवस होते. तिनं सळई लावली. फोन चालू होता.

"कडक आवाज आहे," मॅडम म्हणाल्या. "पांढऱ्यातच आहेस. खाली जा."

मालू खाली गेली.

"अजून पांढऱ्यातच. घाबरतेस कशाला? जा."

मला शंका येत होती, पण मी काय करणार! माझं तोंड उघडं होतं, बोलण्यासाठी नव्हतं. मालू अजून खाली गेली. आणि सळई एकदम हलकी झाली. भोक आरपार पोकळीत पडलं होतं. हे माझ्याआधी तिच्या बोटांना कळलं.

तिनं मोटर बंद केली. तिकडून मॅडम विचारत होत्या, "काय झालं? मालू? आवाज का थांबला?"

"गेला, मॅडम," मालू म्हणाली. "आयेचा दात गेला." आणि तिनं रिसीव्हर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिवराम कोळीवाड्यात जाऊन आला. मालू त्याला म्हणालेली, "फोनवरून दात कळत नाही, दादा. मला ते आधीच कळायला पायजे होतं." शिवरामनं हे जसंच्या तसं मॅडमना फोनवर सांगितलं. मी बाजूलाच होतो. मग मॅडम म्हणाल्या, "शिवराम, ती दाढ अजून दामाजीच्या तोंडात आहे ना? काढू नकोस. दामाजीलाच माझ्याकडे पाठव. मालूसकट."

आता कॉलेजची वस्तू बाहेर न्यायची म्हणजे चार सह्या. शिवरामनं शनिवारी संध्याकाळी माझे स्क्रू सोडले आणि वहीत लिहिलं, 'दामाजी, तेलपाणी करण्यासाठी, सोमवारपर्यंत.' ते अगदीच खोटं नव्हतं. मला तेल खरंच हवं होतं.

रविवारी सकाळी त्यानं मला कोळीवाड्यात पोचवलं. बायजानं मला आपल्या पाटीत घातलं, वर ओला फडका टाकला. तिच्या ओळखीचा दौलत बर्फाचा टेम्पो घेऊन डोंबिवलीला निघाला होता, त्यात आम्ही बसलो. मालू एका बाजूला गप्प, बायजा दुसऱ्या बाजूला. शीळ फाट्याला टेम्पो थांबला. एका बाईनं पाटी बघून विचारलं, "काय गं, काय आणलंयस?"

"शिंगाळा हाय," बायजा म्हणाली. "मोटा."

बाईनं फडका उचलला. मी आ वासून तिच्याकडे पाहिलं, बत्तीस दातांनिशी. तिनं फडका हळूच परत घातला, चांगला नीट खोचला, आणि म्हणाली, "ताजा दिसतोय." मग तिचा नवरा उभा होता तिकडे ती धावली. मालू त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तोंडावर हात ठेवून हसली, पण हसली.

तीन मजले दौलतनं मला खांद्यावर नेलं. मॅडम पलंगावर होत्या, पायाला वजन टांगलेलं. त्या खूप बारीक झाल्या होत्या. मला त्यांच्या शेजारी उशीवर ठेवलं. त्यांनी नेहमीसारखं माझं कपाळ पुसलं. मग काही न विचारता तोंडात बोट घातलं आणि एकेक दात चाचपत मागे गेल्या. मागून दुसऱ्या दाढेवर बोट थांबलं.

"ही कोणाची?"

"माजी," बायजा म्हणाली.

"मशेरी लावता?"

"तीस वरसं. पहाटची लावल्याबिगर बाजारात जीव लागत नाय, बाई."

मॅडमनी डोळे मिटले. "मालू, इकडे ये. बोट लाव. वरून सपाट आहे की नाही? मशेरीनं घासून घासून वरचं कवच गेलंय. खालचा थर वर्षानुवर्षं घासला गेला की दगडासारखा होतो. त्याचा आवाज पांढऱ्यासारखाच येतो. मी ऐकलं आणि म्हटलं, जा खाली. दात बघितलाच नव्हता मी." त्या थांबल्या. "तू चुकली नाहीस. मी चुकले. तुझ्या आईच्या दातावर चुकले."

बायजानं सांभाळून घेतलं. "ऱ्हाऊ दे गो बाई. तोंडात असता तर दुखला असता. बाहेर हाय तो चुकायलाच हाय. दुसरी पन हालते माजी, पायजे तर आत्ता काडू."

"बायजाबाई, ती तोंडातच राहू दे," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या.

त्या दिवशी सळई चाललीच नाही. तिथं मोटरच नव्हती. मॅडमनी मालूच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि बत्तीसच्या बत्तीस दातांवरून तिचं बोट फिरवलं. हा तरुण आहे की म्हातारा? घासलेला आहे की नाही? कोण कडक चावायचं, कोण एकाच बाजूनं चावायचं? मालू सांगत गेली. पहिलवानाची दाढ तिनं बरोबर ओळखली. कारकुनाचा दात पेन्सिल चावून झिजलाय, हेही तिनं सांगितलं. दुपारी बायजानं मॅडमच्या स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाचं कालवण केलं. मॅडम जन्मात मासे न खाल्लेल्या. वास घेऊन म्हणाल्या, "दरवाजा उघडा ठेवा, बस." पण चिडल्या नाहीत.

संध्याकाळी निघताना त्यांनी नियम केला. यापुढे फोन लावला की मालूनं आधी बोटानं दात चाचपायचा आणि तो कसा आहे ते सांगायचं. ते ऐकल्याशिवाय मॅडम "खाली जा" म्हणणार नाहीत. डोळा आणि बोट ठाण्याचं, कान डोंबिवलीचा. दोन्ही मिळून एक शिक्षक. उरलेले दिवस असेच गेले. शिवरामनं पुढच्या रविवारी पुन्हा वहीत 'तेलपाणी' लिहिलं, आणि मी पुन्हा पाटीत बसून गेलो. दोन रविवारांत मला जेवढा मासळीचा वास लागला, तेवढा नंतर कधी गेला नाही.

परीक्षेच्या दिवशी फोन ऑफिसात परत गेला. बाहेरून आलेले परीक्षक उंच, कपाळावर आठ्या. त्यांनी आपल्याच डब्यातून दात काढून वाटले. कोणाचा कोणाला येईल ते नशिबावर. मालूचा दात माझ्या तोंडात बसवला. तिनं सळई उचलली नाही. आधी बोट फिरवलं. मग वाकून आरशानं बघितलं. पुन्हा बोट फिरवलं. शेजारच्या मुलांच्या मोटरी सुरूही झाल्या होत्या.

मग ती कोरायला लागली. आवाज किणकिणा, कडक. थोडंसं खाली गेली आणि थांबली.

परीक्षक आले. मोजपट्टी घालून म्हणाले, "पुस्तकात दोन मिलिमीटर लिहिलंय. हे दीडसुद्धा नाही."

"हो, सर."

"मग? आवाज तर अजून वरच्या थराचा येत होता. मी ऐकला. कोर अजून."

मालूचा हात पुन्हा सळईकडे गेला. मला तो चांगला ओळखीचा होता, दोनदा नापास झालेला हात. मला वाटलं, आता ही ऐकेल. मोठ्या माणसानं 'खाली जा' म्हटलं की खाली जायची सवय असते सगळ्यांना.

"नाही, सर," ती म्हणाली. "हा दात घासलेला आहे. वरचं कवच उरलेलं नाही. अजून गेले तर पोकळीत जाईन. आवाजावर एकदा गेलेले मी."

"म्हणजे तू इथेच थांबणार?"

"हो."

"तुझी तिसरी परीक्षा आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

परीक्षकांनी तो दात माझ्या तोंडातून काढला आणि चकतीच्या करवतीनं मधोमध चिरला. दोन्ही अर्ध्या फाका खिडकीच्या उजेडात धरल्या. मालूनं कोरलेल्या खड्ड्याचा तळ आणि पोकळी यांच्यात कांद्याच्या पातळ सालीएवढा थर उरला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग फाका खिशात घातल्या. माझी शंका आहे, स्वतःच्या वर्गात दाखवायला नेल्या असाव्यात. ते काही बोलले नाहीत. वहीत लिहून पुढच्या टेबलाकडे गेले.

मालूनं माझ्या तोंडातला भुगा फुंकरीनं काढला, स्पंज ओला करून गाल पुसले आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "दुखलं नाही ना?" अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तिलाही ते आपण कोणाला विचारतोय याचं भान नव्हतं. तेव्हाच मला कळलं, निकाल काय लागणार ते.

ती पास झाली. पुढं वर्तकनगरला तिनं दवाखाना काढला. मॅडम पुढच्या वर्षी काठी टेकत कॉलेजात आल्या. आठवड्यातले तीन दिवस स्वतः यायच्या, एक दिवस फोनवर शिकवायच्या. प्राचार्यांनी ते मान्य केलं, कारण त्या वर्षी त्या तुकडीत कोणी नापास झालं नव्हतं. काही वर्षं असं छान चाललं. मग मॅडम निवृत्त झाल्या. नव्या सरांनी मोठा टीव्ही आणि व्हिडिओ आणला. त्यात परदेशातला एक डॉक्टर सुंदर, स्वच्छ, नवे कोरे दात कोरून दाखवतो. मुलं बाकावर बसून बघतात आणि वहीत आकडे लिहून घेतात. १९९९ मध्ये वरच्या मजल्यावर प्लॅस्टिकची चोवीस नवी डोकी आली आणि आम्हा बाराजणांना जिन्याखालच्या खोलीत रचून ठेवलं. माझ्या शेजारी मोडकी स्टुलं आहेत, आणि तोंडात एका उंदरीनं बिऱ्हाड केलंय. भाडं मागत नाही मी.

मित्रांनो, सतरा वर्षं आ वासून काढली. फार थकलोय. फार मागणंही नाही. टीव्ही बघा, फोन करा, दूरच्या शहाण्या माणसाचं जरूर ऐका, त्यात वाईट काही नाही. पण ऐकून झालं की आपलं बोट लावून बघा, मगच हत्यार उचला. आणि वरच्या मजल्यावर त्या नव्या डोक्यांवर काम कराल तेव्हा, कोणी बघत नसलं तरी, हात हलका ठेवा. मुक्या वस्तूवर लागलेली सवयच उद्या जिवंत माणसाच्या तोंडात जाते. मला दुखत नाही, हे खरं आहे. पण तुमच्या हाताला ते कळता कामा नये.